डब्याचं दुसरं तोंड

माझं लग्न ठरल्याचे पेढे घेऊन मी मिराशींच्या टेबलापाशी गेलो, तेव्हा त्यांनी मुलीचं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "दोघांचा स्पीड एक आहे ना?"

"कसला स्पीड?" मी विचारलं.

"म्हणजे असं बघा," पेढा गिळून ते म्हणाले, "दोन यंत्रं वायरनं जोडली, एक भराभर बोलतंय, दुसरं सावकाश ऐकतंय, तर पलीकडे नुसता कचरा पोचतो. संसारात वेगळं काय असतं?"

स्वतः मिराशी अविवाहित. वाशीच्या फ्लॅटमध्ये एकटे राहायचे आणि लग्नावर अधिकारवाणीनं बोलायचे.

आमची कंपनी दिघ्याला, रंग बनवणारी. मी परचेसला, मिराशी इन्स्ट्रुमेंटेशनला. काटे, मीटर, प्रिंटर, जे जे यंत्र वायरीतून एकेक अक्षर पुढे सरकवत बोलतं, ते ते मिराशींचं. असल्या बोलण्याला ते 'सिरियल' म्हणत. माणसांचेही त्यांनी यंत्रांसारखे आकड्यांत स्पीड ठरवून टाकले होते; आकडा मोठा तेवढा वेग जास्त. आमचे जनरल मॅनेजर खेरसाहेब 'तीनशेचे': "आज सांगा, गणपतीपर्यंत पोचेल." कॅन्टीनचा शेट्टी 'नऊ हजार सहाशेचा, पण सगळा कचरा.' मी बाराशे. थोडी बढती मागितली तर म्हणाले, "आधी ऐकायला शिका."

गेटवर ट्रक मोजायचा वजनकाटा होता आणि ऑफिस पार दुसऱ्या टोकाला. काट्यावर पाटीलमामा, तिथलेच मूळ गाववाले. ट्रक चढला की मामा फोनवर वजन ओरडायचे, इकडे कारकून लिहून घ्यायचा, आणि सतराचं सत्तर व्हायचं. खेरसाहेबांना वजन थेट कॉम्प्युटरवर हवं झालं. मिराशींनी आधी काट्याची वायरच ऑफिसपर्यंत ओढून पाहिली. एवढ्या लांब येईतो ती थकली. वजनाच्या जागी प्रश्नचिन्हं आणि डॉलर उमटू लागले.

मग मीटिंगमध्ये त्यांनी जाहीर केलं, "साहेब, सिरियल आता नेटवर्कवर घेऊ."

"कुठल्या चॅनेलवर?" खेरसाहेबांनी विचारलं.

मिराशींनी डोळे मिटून घेतले.

उपाय साधा होता. कॉम्प्युटरच्या नेटवर्कची तार गेटपर्यंत गेलेलीच होती. तिथं एक डबा बसवायचा. एकीकडून काट्याची वायर, दुसरीकडून नेटवर्कची तार, मधे डबा दुभाषी. मी डबा मागवला. त्याला काट्यासारखी यंत्रं जोडायला दोन तोंडं निघाली. आम्हाला एकच हवं होतं.

उद्घाटनाला नारळ फुटला. सगळे पडद्याकडे बघत असताना पहिला आकडा उमटला: चारशे वीस किलो.

"एवढा हलका ट्रक?" खेरसाहेब म्हणाले.

मिराशींनी गेटला फोन लावला. मामांचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू आला. "टरक नाय साहेब, म्हस हाय. काट्यावर बसलीय, उठत नाय."

"काटा मोकळा ठेवायचा एवढं कळत नाही तुम्हाला?"

"तुमी या नि उठवा!"

"आकडा आला ना? मग पास," खेरसाहेब म्हणाले आणि खोबरं खायला लागले.

वजन आता आपोआप येऊ लागलं. फोनची गरज संपली. तरी मिराशी रोज सकाळी गेटला फोन लावायचेच.

"काटा पुसला का?"

"तुमी चष्मा पुसला का?"

एवढं झाल्याशिवाय दोघांचाही दिवस सुरू होत नसे.

पुढच्या वर्षी मामांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. गळ्याला मफलर गुंडाळून मामा कामावर आले, त्या सकाळी मिराशींनी सवयीनं फोन लावला. "काटा पुसला का?" पलीकडून फक्त श्वास ऐकू येत होता. मिराशींनी बराच वेळ रिसीव्हर खाली ठेवला नाही.

त्याच आठवड्यात खेरसाहेब मीटिंगमध्ये म्हणाले, "गेटवर बोलता येणारा माणूस हवा. पाटलांना घरी बसवू."

"बसवा," मिराशी म्हणाले. "पण मग डबा बंद पडेल."

"तो का?"

"दोन तोंडांचा डबा आहे, साहेब. एकालाच वायर असली की लोड अनबॅलन्स होतो. दुसऱ्या तोंडाला टर्मिनल लावलंच पाहिजे. आणि ते चालवायला काट्याची सवय असलेला माणूस पाहिजे. पाटलांशिवाय कुणाला आहे?"

डबा मी मागवला होता, त्याचं माहितीपुस्तक मी वाचलं होतं. असलं काही त्यात नव्हतं. यंत्राबद्दल खोटं बोलणाऱ्याला उलटा टांगावा म्हणणारा माणूस साहेबांच्या डोळ्यांत बघून ठणठणीत थाप मारत होता.

खेरसाहेब माझ्याकडे वळले. "खरं का हो?"

"अनबॅलन्स तर भयंकरच आहे, साहेब," मी म्हणालो.

स्टोअरमध्ये एक जुनं टर्मिनल धूळ खात पडलं होतं. नुसता पडदा आणि कीबोर्ड, स्वतःची अक्कल शून्य. मिराशींनी ते गेटच्या केबिनमध्ये लावलं. ट्रकांच्या नंबरांमुळे मामांना इंग्रजी अक्षरं ठाऊक होती. त्या अक्षरांत मराठी कसं लिहायचं, हे मिराशी घाम पुसत, ओरडत, त्यांच्या शेजारी बसून शिकवत राहिले. मामा एका बोटानं टाइप करू लागले. कुठला टँकर आला, कुठला अडलाय, सगळं मिराशींच्या पडद्यावर येऊ लागलं. भांडणंही.

एका दुपारी मी कसल्याशा कामाला मिराशींच्या टेबलाशी उभा होतो. जेवणाची सुट्टी संपत आली होती आणि ते एका उघड्या मीटरमध्ये नाक खुपसून बसले होते. पडद्यावर एकेक अक्षर सावकाश उमटलं.

'जेवलास का रं?'

मिराशींनी टाइप केलं, 'नाही.'

'बोंबील हायत. ये.'

"मामा तुम्हाला अरेतुरे करतात?" मी हसत विचारलं.

मिराशी हसले नाहीत. हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून म्हणाले, "बाकीची यंत्रं मी विचारलं की बोलतात. हे एकच आपणहून विचारतं." मग मीटरचं झाकण लावत म्हणाले, "अख्ख्या दिवसात तेवढंच कुणीतरी विचारतं हो."

आणि हातसुद्धा न धुता, घरी जेवायला उशीर झालेल्या माणसासारखे, ते भर उन्हात गेटकडे निघाले.