वाहत्या नाकाची पुण्याई

रुमाल धुऊन धुऊन हात झिजले, असं बायकोने एका सकाळी जाहीर केलं आणि नाकाच्या डॉक्टरांची वेळ घेऊनच टाकली. आपल्या कारकुनाने मान डोलावली. (घरातले सगळे निर्णय तो असेच घेत असे.)

कारकून विमा कंपनीत होता, मृत्यूच्या दाव्यांच्या खिडकीवर. नाक बारमाही वाहायचं, डोळे लाल, हातात रुमाल. समोरच्या दुःखी माणसाला वाटे, काय हा देवमाणूस, आपल्यासाठी रडतोय! लोक शांत होत, सह्या करत आणि जाताना उलट त्याचीच समजूत घालत. साहेब खूश होते. आधीच्या कोरड्या कारकुनाला त्यांनी तळघरात जुन्या फायलींवर धाडलं होतं. तळघराचं नाव निघालं की आपला कारकून विषय बदलायचा. तिथे ना खिडकी, ना बोलायला माणूस, आणि धूळ अशी की दाराशी उभं राहिलं तरी शिंका सुरू.

डॉक्टरांनी दुर्बिणीने नाक तपासलं. नाकाच्या मागच्या बाजूला बारीक मज्जातंतू असतात, तेच नाकाला सारखं वाहायला लावतात, म्हणाले. औषधांनी हात टेकले, आता ते तोडून टाकू. वास पूर्वीसारखाच घेता येईल, डोळ्यांनाही धक्का लागणार नाही. बायकोचा चेहरा खुलला. कारकून खुर्चीत पुढे सरकला.

"डॉक्टर, एकाच बाजूचे तोडता येतील का? दुसरी बाजू ऑफिससाठी राहू दे."

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. "दोन्हीकडचे तोडा," बायको म्हणाली.

ऑपरेशन उत्तम झालं, आणि तिथेच घात झाला. नाक ठणठणीत कोरडं. बायको सगळ्या नातेवाइकांना फोन करून आनंद सांगत होती आणि इकडे रजा संपत आली तशी कारकुनाची अन्नावरची वासना उडाली. आता खिडकीवर आपण कोण? नुसता शिक्के मारणारा माणूस! त्याने आरशासमोर उभं राहून दुःखी चेहरा करून पाहिला. पोट साफ होत नाही का, असं बायकोने विचारलं.

शेवटी कामावर जाताना त्याने डोकेदुखीच्या बामची डबी खिशात टाकली. काचेपलीकडून पिशवी घेतलेले एक वयस्कर गृहस्थ येताना दिसले, तसं त्याने दोन्ही डोळ्यांखाली बाम फासला. भीतीपोटी हात जरा सैल सुटला. डोळ्यांतून धारा लागल्या, समोरचं काही दिसेना.

गृहस्थ बिचारे नुसता पॉलिसीवरचा पत्ता बदलायला, चुकून या खिडकीवर आले होते. "का हो, काय झालं?" त्यांनी घाबरून विचारलं.

"धीर धरा," कारकून सवयीने म्हणाला. "व्हायला नको होतं ते झालं."

गृहस्थांनी खुर्ची धरली. "कोण गेलं?"

"ते तुम्हीच सांगायचं. मृत्यूचा दाखला आणलाय ना?"

"अहो, पण बायको तर आत्ता खाली फाटकाशी उभी होती," एवढं बोलून गृहस्थ जमिनीवर बसले, मग आडवे झाले. आरडाओरडा ऐकून त्यांची बायको धापा टाकत वर आली. बघते तर नवरा जमिनीवर पसरलेला आणि खिडकीत कंपनीचा माणूस ढसाढसा रडतोय. तिने हंबरडा फोडला. त्या हंबरड्याने गृहस्थ शुद्धीवर आले आणि जिवंत बायको समोर पाहून पुन्हा आडवे झाले.

साहेब केबिनमधून धावत आले. पाणी मारून, माफी मागून, पत्ता बदलून त्यांनी दोघांना वाटेला लावलं. कारकुनावर मात्र ते रागावले नाहीत. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमचं मन फार हळवं आहे," साहेब म्हणाले. "रोज दुसऱ्यांचं दुःख बघून तुमच्यावर परिणाम झालाय. उद्यापासून तुम्ही तळघरात बसा. तिथे चिटपाखरूही येत नाही."

संध्याकाळी त्याने घरी येऊन सगळं सांगितलं. सांगताना आवाज खरोखरच भरून आला होता. बायकोने शांतपणे ऐकून घेतलं आणि चहाचा कप पुढे सरकवला.

"बघा, वेळेवर ऑपरेशन केलं म्हणून बरं. नाहीतर त्या धुळीत तुमचं काय झालं असतं?"