एकोणतीस फेब्रुवारीची मोकळी जागा

“रोज कोणी ना कोणी थोर माणूस मेलेलाच असतो. शोधणारा पाहिजे!” असं तात्या छातीवर हात ठेवून सांगत. उभं आयुष्य वर्तमानपत्रात मुद्रितं तपासण्यात गेलेलं. निवृत्तीनंतर पेठेतल्या तालमीचा फळा त्यांच्याकडे आला. रोज सकाळी त्यावर ते दिनविशेष लिहीत: घटना, जन्म, मृत्यू. पेठेतलं कोणी गेलं, तर त्याचंही नाव त्याच ‘मृत्यू’पुढे मोठ्या अक्षरांत पडे.

दिवाळीपासून अंथरुणाला खिळलेल्या अप्पा पैलवानांनी त्या नावासाठी तात्यांचा शब्दच घेऊन ठेवला होता.

“माझं नाव तूच लिवायचंस. असं ठळक, की पेठ बंद पडली पायजे!”

“पडेल. पण तारीख बिनचूक टाकणार. आपल्याकडे घोळ चालत नाही.”

“टाक की! मी काय तारीख बदलून घ्याय येतोय?”

१९८० सालचा एकोणतीस फेब्रुवारी उजाडला आणि तात्या अडले. घटना मिळाली: मोरोक्कोत भूकंप, हजारो ठार. जन्म मिळाला: मोरारजी देसाई. पण मृत्यू? घरातली सगळी पुस्तकं उपसली, एकही मेलेला सापडेना! शेवटी ‘मृत्यू’ एवढंच लिहून त्यांनी पुढची जागा मोकळी सोडली आणि ते वाचनालयात मेलेला माणूस शोधायला गेले.

एक गोष्ट ते विसरले. पेठेत कोणी गेलं आणि त्याची लेक परगावी असली, तर ती पोचेपर्यंत फळ्यावर नाव लिहीत नसत. नुसतं ‘मृत्यू’ लिहून जागा सोडत. बाप गेल्याची बातमी लेकीला एस.टी. स्टँडवर कळू नये म्हणून!

कोपऱ्यावर चहा पिणाऱ्याने फळा वाचला. “कोन गेलं रं?”

“लेक भायेरगावी कुणाची हाय?”

“अप्पांची की! राधानगरीला.”

झालं! तालमीचे अध्यक्ष हंबीरराव धावले. कुस्तीची निकाली आरोळी द्यावी तशा आवाजात त्यांनी दुकानं बंद करवली, राधानगरीला ‘अप्पा सीरियस, निघून या’ असा फोन केला, आणि तिरडीचं सामान अप्पांच्या दारात आणून टाकलं. अंगण माणसांनी भरलं. लेक आल्याशिवाय आत जायचं नाही, म्हणून सगळे बाहेरच नाकाला धोतर लावून उभे. आत अप्पा घोंगडीखाली घोरत होते. त्या घोरण्यालाही कोणीतरी ‘शेजारी रडालाय’ म्हणालं!

लेक अंबूबाई नवऱ्यासह जीपमधनं उतरली ती हंबरडा फोडतच. थेट आत जाऊन तिने बापाच्या छातीवर अंग टाकलं.

“अगं, बरगड्या मोडशील की!” अप्पा म्हणाले.

अंगण गार पडलं. दारात पिराजी हार घेऊन उभा होता. एका कुस्तीवरनं वीस वर्षं अप्पांशी न बोललेला पिराजी!

“पिराजी? तू रडालाईस?”

“रडतोय कुठला! धूळ गेलीया डोळ्यात.” त्याने हार खुंटीला लावला.

“पेठ बंद हाय?”

“कडकडीत.”

“मंग झालं की,” म्हणून अप्पांनी पुन्हा घोंगडी ओढली.

तात्या हात हलवत परतले, ते हंबीररावांच्या तावडीत सापडले. “भूकंपात हजारो मेलं म्हणून वरच लिवलंय न्हवं? आणि तुमास्नी एक नाव घावंना? पुन्हा असला चावटपणा केलासा तर खडू काढून घीन!”

दुकानं उघडली. माणसं पांगली, काहीशी नाराजच.

आणि चार वाजता, पिराजीच्या हातचा चहा पिता पिता, अप्पा खरोखरच गेले.

तात्यांनी डोळे पुसत फळ्यावर नाव लिहिलं. ठळक. तारीख बिनचूक. मग अंगणात जाऊन वाट बघत बसले. कोणी येईना. अंबूबाईला रडायचं होतं, पण सकाळच्या हंबरड्याने घसा बसलेला, आवाजच फुटेना! सूर्य कलायला लागला. मडकं धरून जावई पुढे झाला. खांद्याला पिराजी, तात्या, एक शेजारी, आणि सकाळची तिरडी परत न्यायला आलेला दुकानदार.

पानपट्टीवाला खदाखदा हसला. “अप्पा, आता पुरं की! किती येळा निघताय?”

“खरंच गेलेत हो!” तात्या ओरडले.

“सकाळी बी खरंच गेलतं!”

घाटावर शेणी रचून, अग्नी देऊन, नदीवर अंघोळ करून तात्या ओल्या धोतराने पेठेत आले. दुकानं लख्ख उघडी होती. “तात्या, वाचलं बघा म्हातारं!” म्हणून चहावाल्याने त्यांच्यापुढे कप धरला. तात्यांनी फळ्याकडे बघितलं. नाव पुसलेलं होतं. खाली हंबीररावांच्या हातचं अक्षर: ‘चूक दुरुस्ती. अप्पा ठणठणीत आहेत. अफवांवर विश्वास ठेवू नये.’

‘मृत्यू’पुढची जागा पुन्हा मोकळी होती.

तात्यांनी फळ्याखालच्या खोबणीत हात घातला. खडू हंबीरराव घरी घेऊन गेले होते.