कोकोच्या बागेत पाचशे हाजी

"यंदा माझ्या बागेत पतंगाला अंडं घालायला तीळभर जागा मिळायची नाही!" अंबो सक्काने चहाच्या टपरीवर छातीठोकपणे सांगितलं. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर हे बोलायला हिंमत लागते! पतंगाची अळी कोकोच्या फळात शिरली की आतल्या बिया चिकटून दगड होतात. फळ बोटभर असतानाच त्याला प्लास्टिकची पिशवी चढवायची, हाच उपाय. पण तो अख्ख्या गावाला ठाऊक असल्यामुळे दुकानातल्या पिशव्या कधीच संपल्या होत्या.

घरी मात्र पाचशेंचा गठ्ठा पडला होता. त्याचा मेहुणा हाजी मप्पा गावप्रमुखाच्या निवडणुकीला उभा होता आणि साखर भरून वाटण्यासाठी त्याने स्वतःचा फोटो छापलेल्या पिशव्या इथे ठेवल्या होत्या. बायको बेस्से बहिणीच्या बाळंतपणाला गेलेली. अडवणार कोण? अंबो सक्काने दोन दिवसांत सगळ्या चढवल्या. पाणी निथळायला बूड कापावं लागतं, त्यात हाजीची दाढी गेली. पण पतंगाला दाढीशी काय करायचंय!

महिन्याने बेस्से भावाला घेऊनच परतली.

"अगं बाई! अहो, माझ्या दादाला झाडाला टांगलंत?"

"दाजी, माझी दाढी कुठाय?" हाजी किंचाळला.

तोवर कुंपणापाशी मोटरसायकली थांबल्या होत्या. लोक पोट धरधरून हसत होते. एक म्हातारा मात्र फळं निरखत होता.

"हसता काय? एकाही फळाला भोक नाही! ह्या तोंडाकडे पतंगसुद्धा फिरकत नाही! हाजीसाहेब, आम्हालाही द्या की पिशव्या!"

हाजीचा राग कुठल्या कुठे पळाला. त्याने आणखी दोन हजार छापल्या, तेही साखरेविना! बागोबाग हाजी हसू लागला.

"निवडून आलोच समजा, दाजी!"

हाजी पडला. एका मताने!

बेस्सेच्या डोळ्यांचं पाणी खळेना. अंबो सक्कालाही मनापासून वाईट वाटलं.

"लोकांचा काय भरवसा गं! पिशव्या घेतात अन् मत दुसऱ्याला! कृतघ्न लेकाचे!" असं म्हणत त्याने चहाला हात पुढे केला.

बेस्सेने तो हातच धरला. मत देणाऱ्या प्रत्येकाचं बोट शाईत बुडवतात. आठवडाभर ती जात नाही. तिने त्याची दहाही बोटं उलटीपालटी करून पाहिली.

"अहो, शाई कुठाय?"

"अगं, वरच्या फांदीची चाळीस फळं राहिली होती... दादाच्याच पिशव्या चढवत होतो ना!"