फर्क का इत्तेफाक?

आमचे चुलत सासरे नाना डाव्या मिशीला करडीचं तेल लावायचे आणि उजव्या मिशीला तिळाचं. रोज, आंघोळ झाली की, न चुकता. लग्न होऊन कुरुंद्याला आले तेव्हा पहिल्याच सकाळी मी ते पदराआडून पाहिलं आणि मनात म्हटलं, बाई गं, स्थळ बघताना हे कुणी सांगितलं नव्हतं.

कारण पुढे कळलं. मिशीला कोणतं तेल मानवतं याचा त्यांना छडा लावायचा होता. न्हावी आला की आधी दोऱ्यानं दोन्ही बाजू मोजायचा, मग दाढीला हात घालायचा. वर्षभरानं डावी बाजू जवाएवढी लांब भरली. न्हावी खूश होऊन म्हणाला, "नाना, करडी जिंकली!" नाना आरशात बघत म्हणाले, "फर्क हाय खरा. पर फर्क का इत्तेफाक? एका मिशीवर काय सांगावं? गावातल्या पन्नास मिशा पाहिजेत." मग ते मिशा मागत गावभर हिंडले. पाटलांनी पायरीवरूनच वाटेला लावलं.

"फर्क का इत्तेफाक?" हे त्यांचं पालुपद. निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकलेले, म्हणून ते सरासरीला औसत म्हणायचे आणि योगायोगाला इत्तेफाक. तरुणपणी परभणीकडच्या एका सरकारी शेतीफार्मावर नोकरीला होते. तिथे विलायतेत शिकून आलेल्या साहेबानं त्यांना एक गणित शिकवलं. दोन ढीग घ्या, दोन्हींचं औसत काढा. औसतं वेगळी येणारच, एका हातच्या दोन भाकऱ्या तरी कुठे सारख्या होतात? बघायचं ते एवढंच, की हा वेगळेपणा काही कारणानं आला, की असाच, आपोआप पडला. साहेबानं शिकवलं आणि साहेबच पस्तावला. त्याच्या लाडक्या बियाण्याला जरा जास्त कापूस आला, तेव्हा नाना भर कचेरीत म्हणाले, "साहेब, हा इत्तेफाक हाय." नोकरी गेली. "साहेबाचा राग तेवढा इत्तेफाक न्हवता," असं तेच हसत सांगायचे.

घरी आले ते हे गणित घेऊनच. जवळा बाजारच्या आठवडी बाजारात एक वैदू गुडघेदुखीवर मुळी विकायचा. घेऊन बरे झालेल्यांची नावं तो घडाघडा म्हणून दाखवायचा. नाना त्याच्यासमोर उकिडवे बसून शांतपणे विचारायचे, "आन ज्यांनी घेतली न्हाई, त्यातले किती बरे झाले?" पुढे पुढे तो वैदू नानांचा फेटा लांबून दिसला तरी पथारी गुंडाळायचा. मागाहून निजामाचं राज्य गेलं आणि गावात पेढे वाटले, तेव्हा कुणीतरी विचारलं, "काय नाना, पडला का न्हाई फर्क?" नानांनी पेढा खाल्ला आणि म्हणाले, "गोड हाय. पर एका दिसाच्या औसतावर काय बोलू?"

गावात त्यांना मागून इत्तेफाकराव म्हणत. मीही हसायचे. पण आज ज्या घरात बसून हे लिहिते आहे, त्या घरात मी त्या माणसामुळे आहे. हे ऋण माझ्याच्यानं फिटायचं नाही.

आमच्याकडे नव्या सुनेच्या हातून हळदीचा पहिला गड्डा लावून घ्यायची रीत होती. मी लावला, आणि त्या साली पावसाचं पाणी वावरात तुंबून निम्मी हळद जमिनीतच सडली. पुढच्या साली विहीर आटली, मोट कोरडीच वर येऊ लागली. तेव्हाही पहिला गड्डा माझ्याच हातचा होता. झालं! सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, बाई काही वाईट नव्हत्या. पण हळद हा त्यांचा जीव. त्यांच्या हातची हळद सगळ्या शिवारात नावाजलेली. त्या म्हणाल्या, "पोरगी गुणाची हाय, पर हिच्या हाताला गुण न्हाई. हळद हिला धार्जिणी न्हाई."

हे बोलणं एकदा घरात शिरलं की निघत नाही. म्हैस आटली, माझा हात. भिंत खचली, माझा हात. शेवटी मला गोरेगावला माहेरी धाडायचं आणि मुलासाठी दुसरी सोयरीक बघायची, इथवर गोष्ट आली. आमचे हे शब्दाला महाग. आईपुढे मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत बसायचे. मी चुलीपुढे रडायची आणि धुराचं नाव सांगायची.

तेव्हा नाना मध्ये पडले. "वहिनी, दोन सालांवरनं माणूस घालवता व्हय? त्या दोन सालात गावच्यांची हळद तरी कुठं पिकली?"

"गावाचं आमाला काय करायचं, भाऊजी? आमी आमचं बघून राहिलो."

"मग बराबर बघू. एक साल मला द्या. अर्धे वाफे तुमी लावा, अर्धे सूनबाई लावंल. बेणं एकच, पाणी एकच. निवाडा हळद करंल."

आत्याबाई कबूल झाल्या. हार मानणं त्यांच्या रक्तात नव्हतं. फक्त विहिरीजवळचे वाफे मला पाहिजेत, म्हणाल्या. नानांनी कपाळावर हात मारला. "तिथली माती चांगली. मग गुण तुमच्या हाताचा का मातीचा, कसं कळावं?" मग वीस वाफे आखले. वीस चिंचोके घेतले, दहांना चुना लावला आणि एकेका वाफ्यावर उभं राहून नानांनी धोतराच्या ओट्यातून न बघता एकेक चिंचोका काढला. चुन्याचा निघाला तर वाफा माझा, साधा निघाला तर आत्याबाईंचा. गावातले लोक बांधावर उभे राहून बघत होते. एकानं विचारलं, "नाना, काय जादूटोणा हाय काय?"

ते साल मी कसं काढलं ते माझं मला माहीत. पानं मोठी झाली तशी मी रोज आत्याबाईंच्या वाफ्यातली पानं चोरून बघायची, आणि मला ती नेहमी जास्तच हिरवी दिसायची. एकदा सकाळी त्यांच्या वाफ्यांत लेंडीखत पडलेलं दिसलं. आदल्या दिवशी नव्हतं. पाटी भरून तेवढंच खत नानांनी माझ्या वाफ्यांत टाकलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मेंढरं बी हुशार झाली. वाफा बघून बसून राहिली."

माघात हळद काढली. प्रत्येक वाफ्याची वेगळी तोलली. प्रत्येकाचं वजन नानांनी कोळशानं एकेका खापरीवर लिहिलं. ह्यांनी बेरजा केल्या. आत्याबाईंच्या वाफ्यांचं औसत जास्त भरलं. माझं कमी.

आत्याबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. मी आत जाऊन लुगडी गाठोड्यात बांधायला घेतली.

"सूनबाई, भाईर ये," नानांनी हाक मारली. "अजून निवाडा व्हायचा हाय."

त्यांनी वीसही खापऱ्या एका टोपलीत टाकल्या, खळखळ हलवल्या आणि टोपली आत्याबाईंपुढे ठेवली. "वहिनी, डोळे मिटा आन दहा काढा."

"काहून?"

"काढा तर खरं."

काढल्या. ह्यांनी त्या दहांचं औसत काढलं, टोपलीत उरलेल्या दहांचं काढलं. दोन्हींत फरक. परत टाकल्या, परत हलवल्या, परत काढल्या. परत फरक. कधी थोडा, कधी आमच्या दोघींत पडला होता त्याहून जास्त. पाचव्या-सहाव्या खेपेला आत्याबाईंनी बाह्या सावरल्या. ह्यांच्या बेरजा चुकतात म्हणून त्यांना दटावलं. पंचाईत अशी, की बेरजा बरोबर होत्या आणि फरक पडतच होता.

नाना म्हणाले, "वहिनी, हे ढीग कुणी लावले? कुणीच न्हाई. ना तुमचा हात, ना हिचा. तरी येवढा फर्क घडीघडी पडून राहिला. मग हिच्या हाताला बट्टा काहून लावायचा?" खरं गणित, वर्ग आणि वर्गमुळांचं, त्यांनी पाटीवर आधीच करून ठेवलं होतं. टोपली होती ती आत्याबाईंसाठी. आणि प्रामाणिक इतके, की वर हेही सांगितलं, "फर्क मुळीच न्हाई, असं मी म्हणत न्हाई. हाय म्हणायला पुरावा न्हाई, येवढंच."

आत्याबाईंनी टोपलीत वाकून बघितलं. मग म्हणाल्या, "म्हंजे टोपलीच्या बी हाताला गुण न्हाई?"

"टोपलीला बी माहेरी धाडायचं का, बघा."

पहिल्यांदा हे हसले, मग आत्याबाई हसल्या. हसता हसता त्यांनी डोळ्याला पदर लावला आणि माझ्यावर खेकसल्या, "बघती काय? सोड ते गाठोडं आन भाकरी टाक. माणसं भुकेजली."

संध्याकाळी त्या चुलीशी येऊन बसल्या. एरवी त्या चुलीशी बसायच्या नाहीत. म्हणाल्या, "नानाची बायको जवळा बाजारची होती. ती आली आन दोन बैल मेले. आमीच तिला माहेरी धाडली. नाना तवा शाळंत होता, परगावी. त्याला कळवलं, तर 'तुमी म्हणाल तसं' म्हणाला. आल्यावर तिला आणायला गेला, तर ती तापात गेलेली. पुन्ना लगीन केलं न्हाई त्यानं." एवढं बोलून उठल्या.

दोन दिवसांनी मळ्यात काहिलीत हळद शिजत होती. नाना जाळ घालत होते. मी त्यांच्या पाया पडले. आणि मग जे मनात अडकून बसलं होतं ते विचारलं, "नाना, फर्क खरा निघाला असता तर?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू हा प्रश्न त्यांनी कधी स्वतःला विचारलाच नव्हता.

"तर आपल्या घरी हळद जराशी कमी पिकली असती, पोरी. दुसरं काय?"

मग जाळाकडे बघत हळूच म्हणाले, "येवढं म्हणायला गणित लागत न्हाई. तिच्या वक्ताला मला हे सुचलं न्हाई."