उतरता आवाज आणि बेचाळीस थांबे

विमा कंपनीने धाकट्याला फोनवर चाळीस मिनिटं ताटकळत ठेवलं, आणि तेही त्याच्याच आवाजात. "आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे, कृपया थांबा," हे वाक्य तीन वर्षांपूर्वी त्यानेच एका काचेच्या खोलीत बसून म्हटलं होतं. आवाज बाईचा, गोड. 'अजून जरा आपुलकीनं' म्हणत कंपनीने ते चारदा म्हणून घेतलं होतं. आता ती सगळी आपुलकी परत त्याच्याच कानात ओतली जात होती. एकेचाळिसाव्या मिनिटाला एक खराखुरा माणूस बोलला.

"हार्मोनचे उपचार ना? ते बसत नाहीत."

"कुठल्या योजनेत बसत नाहीत?"

"कुठल्याच."

"मग बसतं तरी काय?"

"अपघात बसतो. झालाय का तुम्हाला?"

"जन्मताना एक झाला होता," धाकटा म्हणाला.

"जन्मापासूनचं काही बसत नाही," माणसाने सांगितलं, आणि धाकट्याने फोन ठेवला.

तो घरातलं शेंडेफळ. बत्तीस वर्षं घरात त्याला 'धाकटी' म्हणत. मग त्याने एक दिवस सगळ्यांना बसवून सांगितलं, की वेलांटी काढा आणि काना द्या. आतून मी पहिल्यापासून तोच आहे. थोरल्या बहिणीने मान डोलावली, भावोजींनी चहा केला, आणि आई उठून कपडे वाळत घालायला गेली. त्या दिवसापासून मायलेकांचं बोलणं चालू होतं, पण जेमतेम.

हार्मोनच्या डॉक्टरीणबाई मात्र भल्या होत्या. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन, अधूनमधून रक्ताच्या तपासण्या, मिशी फुटायला वेळ लागेल, आवाज मात्र तीनेक महिन्यांत उतरायला लागेल.

"आणि एकदा उतरला की परत चढत नाही बरं का," त्या म्हणाल्या. "तुम्ही काम काय करता?"

"आवाजाचंच," धाकटा म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

गोम तिथेच होती. शहरातल्या बसमध्ये 'पुढील थांबा' म्हणून जी बाई बोलायची, ती आठ वर्षं धाकटाच होता. नोकरी कुठली नाही, सगळी सुटी कामं, म्हणून विमाही नाही. इंजेक्शनाचा खर्च निघणार आवाजातून आणि इंजेक्शन तो आवाज नेणार. पण त्याने हिशेब नीट बसवला होता. बस डेपोने नवा मार्ग काढला होता. त्याचे बेचाळीस थांबे त्याच आवाजात हवे होते, आणि निम्मे पैसे आगाऊ मिळणार होते. त्यातून पहिली इंजेक्शनं घ्यायची, आठवड्याभरात बेचाळीस थांबे बोलून मोकळं व्हायचं, मग आवाज खुशाल तळघरात जाऊन बसू दे.

आगाऊ पैसे आले. इंजेक्शन झालं. आणि नव्या मार्गावरचा रस्ता कोणीतरी खणून ठेवला.

रस्ता दोन महिन्यांनी बुजला, तर थांब्यांच्या नावांसाठी समिती बसली. सतराव्या थांब्याचं नाव होतं 'पाण्याची टाकी', पण टाकी पाडून झाली होती. समितीतल्या एकाचं म्हणणं, की नसलेल्या टाकीवर लोकांना उतरवणं बरं नव्हे. दुसऱ्याचं म्हणणं, की लोक अजून तिथे टाकीच म्हणतात. ही टाकी सहा आठवडे चालली. तोवर इकडे इंजेक्शनं चालूच होती. मधे एकदा धाकट्याला वाटलं, काम होईपर्यंत थांबावं. पण हल्ली सकाळी दाढीचं सामान नसताना उगीचच आरशापुढे हनुवटी चाचपून बघायला त्याला आवडू लागलं होतं. आरशात बघावंसं वाटणं हीच त्याच्या आयुष्यात नवी गोष्ट होती. त्याने थांबवलं नाही.

पाचव्या महिन्यात डेपोतून यादी आली. धाकटा रेकॉर्डिंगच्या खोलीत जाऊन बसला. रेकॉर्डिस्ट त्याचा जुना सोबती, त्याला सगळं माहीत होतं. त्याने काचेपलीकडून अंगठा दाखवला. धाकट्याने श्वास घेतला.

"पुढील थांबा" एवढं बाईने म्हटलं. "न्यायालय" हे हवालदाराने म्हटलं.

रेकॉर्डिस्टने बटण दाबून रेकॉर्डिंग थांबवलं.

"परत घेऊ," रेकॉर्डिस्ट म्हणाला.

परत घेतलं. या वेळी आवाज 'पुढील'वरच फाटला. अकराव्या वेळी 'न्यायालय' कसंबसं वर राहिलं, पण ते ऐकून बसमधला माणूस उतरण्याऐवजी मदतीला धावला असता.

शेवटी रेकॉर्डिस्टने डेपोच्या साहेबांना फोन करून बाईंचा घसा बसल्याचं कळवलं. ही चूक झाली. साहेब निवृत्तीला आलेले, सज्जन, आणि त्या आवाजावर त्यांचा मनापासून जीव. आठ वर्षं रोज त्याच आवाजाने त्यांना घराजवळच्या थांब्यावर उतरवलं होतं. त्यांनी लगेच धाकट्याला फोन लावला. धाकटा कुजबुजत बोलला, कारण कुजबुजीला बाई-पुरुष नसतो.

"बोलू नका, अजिबात बोलू नका ताई," साहेब म्हणाले. "मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा. थंड बंद. आमच्या मंडळींनी एक काढा सांगितलाय, तो ड्रायव्हरबरोबर धाडतो."

काढा आला. दुसऱ्या दिवशी खोकल्याच्या गोळ्या आल्या, तिसऱ्या दिवशी डेपोतल्या सगळ्यांनी मिळून घेतलेला लोकरी मफलर आला. धाकट्याला रडू येईल असं वाटलं, आणि ते नेमकं कोणत्या आवाजात येईल हे सांगता येत नव्हतं. खरं सांगून टाकावं तर करारात 'तोच आवाज' हे शब्द होते. आवाज दिला नाही तर आगाऊ रक्कम परत, आणि ती रक्कम तर दर तीन आठवड्यांनी दंडातून त्याच्या अंगात गेली होती. पुढचं इंजेक्शन शुक्रवारी होतं आणि त्याचे पैसे या कामाच्या उरलेल्या निम्म्यातूनच यायचे होते.

चौथ्या दिवशी साहेबांनी डेपोच्या खर्चाने घशाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. म्हणजे एकीकडे धाकटा पैसे मोजून आवाज उतरवत होता आणि दुसरीकडे डेपो पैसे मोजून तो चढवायला निघाला होता. घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून आत बघितलं, बाहेर काढून विचार केला, परत आत बघितलं.

"घसा ठणठणीत आहे," ते म्हणाले. "कंठ फुटतोय इतकंच. वय काय?"

"तेहतीस."

"उशिरा फुटतोय जरा."

"हो," धाकटा म्हणाला. "मलाही तसंच वाटतं."

डॉक्टरांनी चष्म्यावरून त्याच्याकडे नीट बघितलं, सगळं समजले, आणि कागदावर 'काळजीचं कारण नाही' असं लिहून दिलं. तो कागद साहेबांकडे गेला. साहेबांनी तो वाचला आणि रेकॉर्डिंगसाठी सोमवारची वेळ पक्की केली.

रविवारी दुपारी धाकट्याने आईला फोन केला. लहानपणापासून फोनवर या दोघांच्या आवाजात वडीलसुद्धा फसायचे. आईने एकतीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवलं होतं. लिंग, वचन, विभक्ती हा तिचा हातखंडा. पण धाकट्याने वेलांटीचं सांगितल्यापासून तिने आपल्या बोलण्यातून लिंगच काढून टाकलं होतं. 'जेवलीस' तोंडातून निघत नव्हतं, कारण त्याने सांगितलं होतं. 'जेवलास' निघत नव्हतं, कारण सवय नव्हती. मग ती सरकारी पत्रासारखं बोलायची.

"जेवण झालं का?" आईने विचारलं.

"झालं. आई, एक मागायचं होतं."

"पैसे लागणार असतील तर सांगणं व्हावं."

"पैसे नकोत. आवाज हवाय."

"का? असलेला कुठे गेला?"

"गेला नाही. उतरला."

त्याने तिला सगळं सांगितलं. रस्ता, टाकी, हवालदार, मफलर. आईने ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बेचाळीस नावं आहेत ना? मला आधी लिहून पाठवावीत. ऱ्हस्वदीर्घ बघून घेते."

सोमवारी आई इस्त्रीची साडी नेसून, यादीवर लाल पेनाने खुणा करून आली. रेकॉर्डिस्टने तिच्या कानांवर हेडफोन चढवले. तिने ते केसांना धक्का न लावता नीट बसवून घेतले आणि सुरुवात केली. शुद्धलेखन घालतात तशी. प्रत्येक नाव स्वच्छ, सावकाश, जोडाक्षर पूर्ण फोडून. सतराव्या थांब्याला थांबून तिने विचारलं, "टाकी पाडली ना? मग 'टाकी' कशाला?" रेकॉर्डिस्ट हात जोडून म्हणाला, "बाई, त्यात नका शिरू." एकतिसाव्या थांब्यापर्यंत एकही चूक झाली नव्हती. दार उघडलं आणि डेपोचे साहेब थर्मास घेऊन आत आले.

आत काय दिसलं त्यांना? माइकपुढे पासष्टीच्या एक अनोळखी बाई, काचेपाशी ओठावर कोवळी लव आलेला एक माणूस, आणि बटणांकडे एकटक बघणारा रेकॉर्डिस्ट. साहेब धाकट्याला आठ वर्षांपूर्वी एकदाच भेटले होते. चेहरा ओळखीचा वाटला, पण जुळेना.

"आमच्या ताई कुठायत?" त्यांनी विचारलं.

धाकट्याने तोंड उघडलं, पण त्याची खात्री नव्हती की आतून कोण बोलेल. तेवढ्यात आईने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. शाळेत तपासनीस वर्गात आले की ती अशीच उभी राहायची.

"ताई नाहीत," ती म्हणाली. "हा माझा धाकटा मुलगा. आठ वर्षं तुमच्या गाडीत हाच बोलत होता. आता त्याला कंठ फुटलाय. तो मोठा झाला, त्यात त्याची चूक नाही. तुमचे थांबे मी वाचतेय. अकरा राहिलेत, वाचू का?"

चार वाक्यांत तिने इतके पुल्लिंगी शब्द वापरले होते की धाकटा भिंतीला टेकला. नऊ महिने अडलेलं सगळं एकदम सुटलं होतं. आईला स्वतःलाही ते कळलं असावं, कारण तिने पुढचं बोलण्याआधी पाण्याचा एक घोट घेतला.

साहेब खुर्चीत बसले. त्यांनी धाकट्याकडे बघितलं, मग थर्मासकडे.

"म्हणजे काढा..."

"घेतला साहेब. सगळा घेतला," धाकटा नव्या आवाजात म्हणाला. "लागू नाही पडला."

"कसा पडणार," साहेब म्हणाले. जरा वेळाने त्यांना खरी काळजी आठवली. "आता त्या घशाच्या डॉक्टरांचं बिल मी कुठल्या खात्यात दाखवू?"

"देखभाल-दुरुस्ती म्हणा," आई म्हणाली.

साहेबांनी डोळे मिटून एकतीस थांबे ऐकले. "आवाज तोच आहे," त्यांनी कबूल केलं. "फक्त जरा रागावल्यासारखा वाटतो."

"रागावलेला नाही. स्पष्ट आहे."

साहेबांनी वाद घातला नाही. उरलेले अकरा थांबे झाल्यावर त्यांनी मफलर धाकट्याकडेच राहू द्यायला सांगितलं आणि जाताना त्याचा हात हातात घेऊन म्हणाले, "सवय व्हायला मला थोडा वेळ लागेल, पण तब्येतीला जप हो." फक्त एक अडचण राहिली. आवाज ज्याचा त्याच्याच नावाने चेक, हा डेपोचा नियम होता. उरलेल्या पैशांचा चेक बुधवारी निघाला, तो आईच्या नावाने.

धाकटा चेकबद्दल विचारायला गेला तेव्हा आई पर्सची चेन लावत होती.

"आई, तो चेक..."

"आवाज माझा, चेक माझा," आई म्हणाली. "करारात असंच असतं ना रे?"

तिने 'रे' म्हटल्यावर पुढे काही मागायचं त्याला सुचलंच नाही. तो घरी आला. शुक्रवारी तो दवाखान्यात गेला तो इंजेक्शन दोन आठवडे पुढे ढकलायला सांगायचं असं ठरवूनच.

आत आई बसली होती. समोर दवाखान्याचा फॉर्म होता आणि खिडकीतली मुलगी हवालदिल झाली होती.

"'श्री./श्रीमती' यातलं एक खोडायचं असतं," आई तिला सांगत होती. "तुम्ही दोन्ही तसंच ठेवता. मग वाचणाऱ्याने काय समजायचं?" तिने लाल पेनाने 'श्रीमती'वर सरळ रेघ मारली, शेजारी बारीक सही केली आणि फॉर्म आत सरकवला.

"तुमचं वर्षाचं सगळं भरून झालंय," मुलीने धाकट्याला सांगितलं. तिला लवकर मोकळं व्हायचं होतं.

धाकट्याने आईकडे बघितलं. आई भिंतीवरचा हाडांचा तक्ता वाचत होती. "तुझ्याकडे दिले असते तर तू अर्धे शिल्लक टाकले असतेस आणि इंजेक्शन पुढे ढकललं असतंस," ती तक्त्याला म्हणाली. "मला माहीत नाहीस का तू?"

इंजेक्शन झाल्यावर आई न विचारता डॉक्टरीणबाईंच्या खोलीत शिरली.

"आवाज अजून कुठवर उतरणार आहे त्याचा?"

"अजून थोडा. वर्षभरात ठरेल. का?"

"आपलं विचारते," आई म्हणाली. पर्सच्या पट्ट्याशी ती चाळा करत होती. "उद्या फोन उचलला आणि मी 'कोण बोलतंय' म्हटलं, तर ते बरं नाही दिसणार. स्वतःच्या मुलाला."

डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं. "रोज बोलत जा त्याच्याशी. रोज ऐकलं की उतरलेला कळत नाही."

"तोंडी सांगितलेलं तो ऐकत नाही. लिहून द्या."

डॉक्टरीणबाईंनी खरंच लिहून दिलं.

खाली दवाखान्याच्याच औषधाच्या दुकानात धाकट्याने पुढच्या इंजेक्शनाची चिठ्ठी पुढे केली. दुकानदाराने इंजेक्शनाची पेटी काढून ठेवली, मग चिठ्ठी दिव्याखाली धरून दुसरी ओळ वाचली. 'आईला फोन, दिवसातून एकदा.' तो मागच्या फळीकडे वळला, परत फिरला.

"हे आमच्याकडे येत नाही," तो गंभीरपणे म्हणाला. "घ्यायचं किती दिवस?"

धाकट्याने चिठ्ठी परत घेऊन बघितली. डॉक्टरीणबाईंनी मुदत लिहिलीच नव्हती.