दहा यार्डांची साखळी आणि अर्डिसचं भांडं

आमच्या वेलबर्गात सरळ माणसं पुष्कळ आहेत; पण सरळ काठी धरणारा माणूस एकच, आणि तो मी, व्हर्लिन ओस्ट्बी! शनिवारी कॉलेजच्या फुटबॉलचा सामना असला, की मैदानाच्या कडेला नारिंगी काठी घेऊन मी उभा. माझ्या काठीला दहा यार्डांची साखळी, साखळीच्या दुसऱ्या टोकाला दुसरी काठी, आणि ती धरून माझा मेव्हणा हार्लन. आमच्या फुटबॉलात चेंडू हातात धरून पळतात; चार प्रयत्नांत पोरांनी तो हार्लनच्या काठीपर्यंत नेला तर चेंडू त्यांच्याकडेच; नाही नेला तर समोरच्यांचा. एवढाच तो खेळ, बाकी सगळी ढकलाढकली. वारा असो, गारठा असो, अंगावर चार खेळाडू येऊन आदळोत, माझी काठी हलली नाही. केस गेले, दात गेले, बायको गेली, काठी जागेवर!

त्या मोसमाच्या सुरुवातीला मी मनाशी पैज मारली होती. हार्लनकडून अर्डिसचं भांडं परत मिळवायचं, आणि तेही त्याच्याशी आपणहून एक शब्द न बोलता!

अर्डिस माझी बायको, हार्लनची धाकटी बहीण. परसातल्या रुबार्बच्या आंबट दांड्यांचा केक ती एका पत्र्याच्या भांड्यात भाजायची. सरकतं झाकण, एका कोपऱ्याला पोचा. शेवटचा केक तिने हार्लनकडे पाठवला, त्याच भांड्यातून. मग ती आजारी पडली, आणि रुबार्ब पुन्हा फुटायच्या आत गेली.

चर्चच्या तळघरात तिच्या दफनानंतरचं जेवण चाललं होतं. फुटबॉलच्या कोचची बायको कोरिन बाक्के सगळ्यांना कॉफी ओतत होती. मी हार्लनला म्हणालो, "ते केकचं भांडं आणून दे रे. तिच्या हाताचं म्हणून माझ्याकडे तेवढंच आहे."

हार्लनचा कप ओठाशीच थांबला. त्याने कोरिनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, बिटासारखा लाल झाला आणि म्हणाला, "बघू."

बघू! सख्ख्या बहिणीची माती ओली असताना बघू! मी सगळ्या गावादेखत त्याला भांडीचोर म्हणालो. झालं! तेव्हापासून दोन वर्षं आमचं बोलणं बंद. पण शनिवार आला की आम्ही दोघं त्याच एका साखळीला बांधलेले. जोखडाला जुंपलेले दोन म्हातारे बैल, एकाचं तोंड पूर्वेला, दुसऱ्याचं पश्चिमेला.

आमच्यामध्ये पास्टर लोवेल उभे असायचे. कितवा प्रयत्न चाललाय तो आकडा दाखवणारी पाटी त्यांच्या हातात. साखळीला चिमटा लावायचं कामही त्यांचंच. तो चिमटा मैदानावरच्या रेघेची खूण धरून ठेवतो. काठ्या पडल्या, पळाल्या, तरी पुन्हा जागच्या जागी लावता येतात. थोर माणूस! जगात कुठेही भांडण दिसलं की ते मिटवल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही.

पहिल्याच सामन्यात मी म्हटलं, "पास्टर, त्या टोकाला विचारा, भांडं कधी देतोस?"

पास्टर गेले, परत आले. "हार्लन म्हणतो, तब्येतीला जप."

"म्हणजे? मी मरायची वाट बघतोय का तो!"

"तसं नाही रे व्हर्लिन..."

"तसंच आहे! मी मेलो की भांडं त्याचंच!"

तो सामना आमचे बगळे हरले. हो, आमच्या संघाचं नाव बगळे. पुढचाही हरले. त्याच्या पुढचा तर असा हरले, की बँडवाली पोरं सामना संपायच्या आधीच पेट्या बंद करून घरी गेली. ऑक्टोबर सरत आला, मॅपलची पानं लाल होऊन गळाली, आणि आमच्या खात्यावर एकही विजय नाही. गावाचे चेहरे असे झाले, जसं काही रोज कुणाला तरी पोचवून येतायत. चक्कीवाला कोचकडे बघायचा नाही, कोच आरशाकडे बघायचा नाही.

त्यात मला हार्लनचे हात दिसले. काळेकुट्ट! बोटं काळी, नखं काळी.

"पास्टर, त्याला म्हणावं हात धूत जा. साखळीला डाग पडतायत!"

पास्टर गेले, बराच वेळ कुजबुजले, परत आले. पुढच्या शनिवारी बघतो तर हार्लनच्या हातात नवे कोरे लोकरी हातमोजे! मी मनात म्हटलं, वा रे पठ्ठ्या, धुण्याऐवजी झाकले! आणि त्याच दिवशी पास्टरनी माझ्यापुढे थर्मास धरला. "घे, गरम कॉफी."

"पास्टर, तुमच्यासारखा देवमाणूस नाही."

पास्टर खोकले. "माझी नाही ही," असं काहीतरी पुटपुटले. मला वाटलं, देवाची म्हणतायत. पास्टरच ते!

शेवटचा सामना नदीपलीकडच्यांशी. त्यांच्याशी आमचं वैर आजोबांपासूनचं. थंडी अशी, की शिट्टी पंचाच्या ओठाला चिकटत होती. पण त्या दिवशी बगळ्यांच्या अंगात काय शिरलं देव जाणे! सामना संपत आला आणि फळ्यावर आम्ही एका गुणाने पुढे! लोक बाकांवर उभे राहिले. कोरिनचा आवाज तर गायी घरी बोलावणाऱ्या बाईसारखा सगळ्यांच्या वर: "धरा रे लेकरांनो, चेंडू धरा!"

आमचा चौथा प्रयत्न. यार्डभर पुढे जायचं होतं. गेलं की चेंडू आपला, घड्याळ आपलं, वर्षातला एक तरी विजय आपला. पोराने चेंडू पोटाशी घेतला, सगळं गाव श्वास धरून बसलं...

आणि हार्लन बोलला! इतक्या दिवसांत पहिल्यांदा. माझ्याकडे न बघता, मैदानाकडे बघत.

"व्हर्लिन, भांडं गाडीत आहे."

माझ्या कानात घंटा वाजली.

"आणि हातमोज्यांबद्दल आभार."

"कसले हातमोजे?"

"तू पाठवलेस ते. पास्टर म्हणाले, माझे हात गारठतात म्हणून तुझा जीव तुटतो."

"माझा जीव? मी तर म्हणालो, हात धू!"

"आणि माझी कॉफी पोचली ना तुला?"

"ती तुझी होती?"

आम्ही दोघांनी एकदम पास्टरकडे बघितलं. पास्टरनी आभाळाकडे बघितलं.

वाचकहो, पुढचं कसं झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. मी त्याच्याकडे चालत निघालो, एवढं खरं. तोही माझ्याकडे चालत आला. दोघांच्या हातात काठ्या होत्याच. भानावर आलो तेव्हा आम्ही एकमेकांच्या गळ्यात, काठ्या एकमेकींच्या गळ्यात, आणि साखळी पायाशी वेटोळं घालून बसलेली! समोर मैदानात चेंडू पडलेला. आणि पंच धावत येत होता.

"मोजायचंय! साखळी आणा! अहो आजोबा, काठ्या कुठायत तुमच्या?"

"इथेच आहेत," मी म्हणालो.

"दोन्ही?"

"दोन्ही."

"आणि चिमटा?"

पास्टरनी हळूच कोटाच्या खिशातून चिमटा काढून दाखवला. जिंकायच्या धांदलीत तो साखळीला लावायचाच राहिला होता.

मैदान असं शांत झालं, की पलीकडच्या शेतातला कावळा ऐकू आला. पंच जवळ आला. पोरगेलासा होता, पण आवाज न्यायाधीशाचा. "आजोबा, आठवून सांगा. प्रत्येकाने आपापली जागा दाखवायची. दुसऱ्याकडे बघायचं नाही."

माझी जागा मला माहीत होती. पांढऱ्या पट्ट्यावर कुणाच्या तरी हॉटडॉगातली मोहरीची चटणी सांडली होती. तिच्या पिवळ्या डागाला टेकून माझी काठी होती. तेवढ्यात कोच मला दिसला. वर्षभर न हसलेला तो माणूस, दोन्ही हात डोक्यावर धरून. चेंडू थोडासाच कमी पडल्यासारखा दिसत होता. वीतभर मागे, व्हर्लिन. फक्त वीतभर! मी वीतभर मागे दाखवली, हार्लनने वीतभर मागे दाखवली, की गाव जिंकलं. आणि साखळीला काय कळणार होतं?

पण मला अर्डिस आठवली. ओट्याशी उभी राहून गुणगुणायची ती,

भरलं आलं भांडं, रितं धाडू नये,
आपुल्या मापात, खोट काढू नये.

मी काठी पिवळ्या डागावर टेकवली. तिकडे हार्लनने त्याची टेकवली. पंचाने साखळी उचलली. ती ताणली गेली. तसूभर सैल नाही, तसूभर तोकडी नाही! दोन वर्षं एका शब्दावर एकमत न झालेले आम्ही दोघं, न बघता, दहा यार्डांवर एकमेकांशी नेमके जुळलो.

पंच चेंडूजवळ वाकला. मग उभा राहिला आणि त्याने दोन तळवे समोरासमोर धरून सगळ्या गावाला दाखवलं, किती कमी पडलं ते. वीतभर.

चेंडू त्यांना गेला. त्यांनी तो लाथेने आमच्या खांबांमधून पार उडवला, त्याचे तीन गुण. संपलं. सबंध मोसम कोरा!

आम्ही दोघं मान खाली घालून बाहेर निघालो. हार्लनच्या गाडीपाशी आलो. त्याने पुढच्या सीटवरून भांडं काढलं. तेच! तोच पोचा, तेच झाकण. मी झाकण सरकवलं, तर आत काठोकाठ फोडलेले अक्रोड. आमच्याकडचे काळे अक्रोड, दगडाचे बाप. हातोडीने फोडले तरी शिव्या खाल्ल्याशिवाय गर देत नाहीत. आणि सालीचा रंग महिना महिना हाताला राहतो.

"म्हणून हात..."

"रितं कसं देणार?" हार्लन म्हणाला. "आणि केक मला येत नाही."

मी झाकण परत सरकवलं. "अरे, पण 'बघू' का म्हणालास तेव्हा? तेवढं एक 'हो' म्हणाला असतास तर!"

हार्लनने माझ्या हातातलं भांडं हळूच वर उचललं आणि त्याचं बूड मला दाखवलं. तिथे एक कागदी चिकटपट्टी होती, आणि तिच्यावर अर्डिसचं अक्षर, थोडं डावीकडे कललेलं, ती स्वतः चालायची तसं:

कोरिन बाक्केचं. परत करायचं!

"धुताना दिसलं," हार्लन म्हणाला. "तू तिथे सगळ्यांपुढे म्हणालास, तिच्या हाताचं तेवढंच आहे. कोरिन शेजारी कॉफी ओतत होती. मी काय सांगणार होतो? पट्टी उपटून टाकावी म्हटलं, तर अक्षर तिचं."

आम्ही बराच वेळ गाडीला टेकून उभे राहिलो. मैदानावरचे दिवे एकेक करत विझले. मग मी माझ्या जाड नखाने ती पट्टी कडेकडेने सोडवली. फाटली नाही. ती आता माझ्या टोपीच्या आत आहे; तिच्या हाताचं म्हणून माझ्याकडे तेवढंच आहे.

राहिलं भांडं. आता ते ज्यांच्या घरी परत जायला हवं होतं, त्याच घराचा मोसम आम्ही बुडवला होता! आणि रितं तर जाऊच शकत नव्हतं. मग काय, दोन म्हातारे ओट्याशी उभे राहिले. "पीठ किती?" "अंदाजाने." "कुणाच्या अंदाजाने?" "सोडा घातलास का?" "तू घालणार होतास ना!" दोन वर्षांचं राहिलेलं सगळं भांडण आम्ही त्या एका रात्रीत भरून काढलं. अक्रोड मात्र सगळे घातले.

रविवारी प्रार्थनेनंतर आम्ही कोचच्या दारात उभे. कोरिनने दार उघडलं. आम्हाला बघितलं. भांडं बघितलं.

"अगं बाई! हे अर्डिसकडे होतं होय?"

"तिला परत करायचं होतं," मी म्हणालो. "राहून गेलं."

कोरिनचे डोळे भरून आले. तिने दारातच एक तुकडा मोडला आणि तोंडात टाकला. चावला. थांबली. पुन्हा चावला. कट्‌कन आवाज आला. एक टरफल राहिलं होतं वाटतं. आतून कोच विचारत होता, "कोण आलंय गं?"

तिने झाकण सरकवून भांडं केकसकट माझ्या हातात परत दिलं, आणि मग अगदी गंभीर चेहऱ्याने दोन तळवे समोरासमोर धरून आम्हाला दाखवलं, किती कमी पडलं ते.