उलट बाजूचा गणपतदादा

“लई ऊन हाय आज,” असं गणपतदादाला कुणी सहज म्हटलं, तर तो मान डोलावून म्हणे, “बरं. आता ऊन न्हाई म्हणून बोल.” आणि समोरचा तसं बोलून दाखवेपर्यंत वाट सोडत नसे. आमच्या नेकनुरात लोक त्याच्याशी हवापाण्याचं बोलायलाही कचरत.

ही खोड त्याला हैदराबादेत लागली. तिथल्या कॉलेजात तो एम.ए. करता करता आम्हा बी.ए.च्या पोरांना राज्यशास्त्र शिकवायचा. मोठे प्रोफेसर उर्दूत व्याख्यान देऊन निघून जात, मग आम्ही दादाच्या ताब्यात. सगळ्यांनी सतरंजीवर गोल बसायचं, आपलं मत मांडायचं, आणि ते मांडून छाती फुगली की दादा म्हणणार, “आता उलट बाजू.” शिकवायचा उर्दूत, रागवायचा मात्र नेकनुरी बोलीत. निजामशाहीचे दिवस, इथल्या कारभाराबद्दल ब्र काढायची सोय नव्हती. म्हणून आम्ही दूरदूरचे राजे गादीवर बसवायचो आणि उतरवायचो. खिडकीत पारवे घुमत, आणि मला पेंगता पेंगता वाटे, जगातली सगळी राज्यं या सतरंजीवरूनच चालतात.

एकदा एका जहागीरदाराच्या मुलाला त्याने रयतेची बाजू दिली. तो बिचारा कपाळाचा घाम पुसत म्हणाला, “जरा पाणी मिळेल का?” दादाने त्याची पाठ थोपटली. “रयत बी एवढंच मागती, बे.”

सुट्टीत गावी आला तरी खोड सुटेना. बाजारात एका बैलाचा सौदा अडला होता. दादाने विकणाऱ्याला बैलाच्या खोडी सांगायला लावलं आणि घेणाऱ्याला गुण. घेणाऱ्याने असे काही गुण गायले की मालक कासरा धरून उठलाच. “येवढा गुणाचा हाय म्हनता, मग मी कावून इकू?” बैल घरी गेला, आणि घेणारा दादाला शोधत बाजारभर फिरला.

पण एका साली सुट्टी संपत आली तसा दादा कुणाला उलट बाजू विचारीनासा झाला. कॉलेजाने त्याला कायमची जागा देऊ केली होती. घरात तो आणि त्याचे वडील आबा, दोघंच. आबांचं एकच पालुपद, “शेत हाय, घर हाय. कशाला जातूस?” मलाही त्याच गाडीने कॉलेजला परतायचं होतं, म्हणून आदल्या संध्याकाळी मी त्यांच्या घरीच होतो. शेणसडा घातलेल्या अंगणात धूळ सोन्यासारखी तरंगत होती. वाद फार वाढला तेव्हा दादा सवयीने बोलून गेला, “आबा, उलट बाजू मांडा बरं.”

आबा बाजेवरून उतरून खाली बसले. “मांडतो. आदी तू मांड. आन् निवाडा ह्यो करंल,” माझ्याकडे हात करून ते म्हणाले.

दादाने घसा साफ केला. “मी ऱ्हावं. का, तर शेताला माणूस पायजे. दुसरं म्हंजी, आबांना आता ताटातली भाकर चाचपून घ्यावी लागती. मी हळूच समोर सरकवतो. त्यांना वाटतं, मला काय म्हाईत न्हाई. उद्या कोण...”

आपली नजर गेल्याचं आबांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. ते जमिनीवर बोट फिरवत म्हणाले, “पोरानं जावं. ते बोलाया लागलं की ऐकत बसावं वाटतं. पर हितं ऐकणारा मी येकटाच. तितं वर्ग भरून पोरं हायेत. येकट्या म्हाताऱ्यानं येवढं बोलणं आडवून धरू नये. भाकरीचं काय, ती अंधारात बी घावती.”

दोघंही माझ्याकडे वळले. निवाडा सरळ होता. “आबा जिंकले. दादानं जावं,” मी म्हणालो. आबा हसले आणि दशम्या बांधायला भिंतीच्या आधाराने आत गेले.

पहाटे गाडी निघाली. शिवारावर धुकं होतं, घुंगरांच्या तालात माझा डोळा लागत होता. नेकनूर पार दिसेनासं झालं, तेव्हा दादा पहिल्यांदा बोलला.

“तू त्यांना हरवायला पायजे होतंस रं.”